साहेबांचा खेकडा

एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे काय, ते बाईंकडून शिकावं. बाई समुद्रजीवांच्या अभ्यासक, त्यामुळे पाण्यात त्या रोजच पाहत. पण कुठल्याही डबक्यात डोकावल्या तरी खेकडे, गोगलगायी, शेवाळ या सगळ्यांच्या मागे, अगदी तळाशी, त्यांना त्यांच्या संशोधन केंद्रातल्या साहेबांचा चेहरा दिसे. मग हातातली काठी त्या गरजेपेक्षा जरा जोरातच टोचत. काठीच्या टोकाला जो कोणी असे त्या बिचाऱ्याचा काही दोष नसे.

गावात त्यांना खेकडाबाई म्हणत. हे नाव कामावरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल दुमत होतं. खेकड्यानं एकदा धरलं की नांगी तुटेल, पण पकड सुटणार नाही. बाईंनी साहेबांना धरलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. पुढे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरू लागले, संशोधन केंद्राची कौलं जाऊन स्लॅब आला. पकड तीच.

बाईंच्या घरचं घड्याळ भिंतीवर नव्हतं, समुद्रात होतं. ओहोटी पहाटे असली की घरात चहा पहाटे. ओहोटी भर दुपारी आली की दुपारचं जेवण संध्याकाळी. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग, पायात रबरी बूट, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात दातांच्या डॉक्टरकडे असतो तो लांब दांडीचा इवलासा आरसा. बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले आरसे बाईंकडे नोकरीला लागत. खडकाच्या फटीत आरसा सरकवायचा, वळवायचा, आणि आत कोण दडलंय ते बघायचं. "आ करा" एवढंच काय ते बाई म्हणत नसत.

दुसऱ्यांचे दात काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याच्याच घरात दोन बायका साहेबांवर दात धरून होत्या, ही यजमानांची खंत होती. दुसरी बाई म्हणजे त्यांच्या मातोश्री, बाईंच्या सासूबाई.

रविवारच्या पुरवणीत बाई समुद्रावर लिहीत. लोक ते सदर आवडीनं वाचत, कारण बाईंच्या लेखात मासे शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे वागत. कुणी भाडं न देता दुसऱ्याच्या शंखात राही, कुणी बायकोच्या अंगाला चिकटून आयुष्य काढी. मधूनच एखादा प्राणी असा येई की त्याचं तोंड मोठं, मेंदू वाटाण्याएवढा आणि बीळ दुसऱ्यानं खणलेलं. हा प्राणी कोण, ते केंद्रात शिपायापासून सगळे ओळखत. साहेब तेवढे ओळखत नसत. ते त्या लेखाचं कात्रण काढून नोटीसबोर्डावर लावत आणि खाली "उत्तम" असं लिहून सही करत. ज्याला टोचलेलं कळतच नाही त्याच्यावर सूड उगवायचा तरी कसा? बाई रात्रंदिवस या एकाच प्रश्नाच्या मागे होत्या.

मूळ प्रकरण असं. बाई केंद्रात नव्या होत्या. धक्क्यामागच्या खडकांत त्यांना एक खेकडा सापडला. खेकडा उताणा केला की पोटावर दुमडून ठेवलेली एक झडप दिसते. नराची अरुंद, टोकदार. मादीची रुंद, गोल, कारण तिला खाली अंडी सांभाळायची असतात. या खेकड्याची झडप ना धड नराची ना धड मादीची. नांग्या किडकिडीत. पाठीवरचे ठिपकेही वेगळेच. बाईंनी पुस्तकं पालथी घातली, असा खेकडा कुठेच नव्हता. नवी जात! त्यांनी जेवणखाण विसरून त्याचं वर्णन लिहिलं, केस न् केस मोजून चित्रं काढली, आणि "एकदा नजर टाका" म्हणून सगळं साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी नजर टाकली ती टाकलीच. शास्त्रीय नियतकालिकाच्या पुढच्या अंकात खेकडा छापून आला. वाक्यं बाईंची, चित्रं बाईंची, नाव साहेबांचं. खेकड्याला नाव दिलं होतं ते केंद्राच्या तेव्हाच्या अध्यक्षांचं. अध्यक्ष इतके खूश झाले की साहेब लवकरच संचालक झाले. शेवटी आभाराच्या ओळीत "नमुने गोळा करण्यास मदत" म्हणून बाईंचा उल्लेख होता, आणि तोही जीपच्या ड्रायव्हरनंतर.

बाई अंक घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब पेन्सिलीला टोक काढत होते.

"सर, हा खेकडा माझा आहे."

"बाई," साहेब पेन्सिलीवरची नजर न काढता म्हणाले, "शास्त्रात जो छापतो त्याचं. हा जगाचा नियम आहे, माझा नाही. रडायचं असलं तर बाहेर बाकडं आहे."

बाई बाकड्यावर बसल्या नाहीत. सरळ घरी आल्या. तोवर सासूबाईंचं आणि त्यांचं फ्रीजवरून हाडवैर होतं, कारण दुधाच्या शेजारी बाईंच्या बरण्या असत आणि बरण्यांतून कोणी ना कोणी दुधाकडे बघत असे. त्या दिवशी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, विणकामाच्या सुया खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "अख्खा फ्रीज तुझा. काय किडेमकोडे ठेवायचे ते ठेव. पण त्याला सोडू नकोस."

डूख धरण्याच्या कलेत सासूबाई फार वरच्या श्रेणीच्या. त्यांच्या धाकट्या जावेनं एकदा त्यांचं शिलाई मशीन विचारल्याशिवाय उचलून नेलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. जाऊबाई आजारी पडल्या तेव्हा सासूबाई जाऊन राहिल्या, औषधपाणी केलं, डोकं चेपलं, आणि एक शब्द न बोलता परत आल्या.

"आई, आता सोडून द्या हो ते," यजमान म्हणत.

"तू दाढा उपट," सासूबाई म्हणत. "मुळापासून काय काढायचं आणि काय ठेवायचं, ते आम्ही बघू."

साहेबांची आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. यश आलं की "मी" आणि फसलं की "तुम्ही", एवढंच त्यांचं व्याकरण. एकदा केंद्राची नाव स्वतः हाकताना त्यांनी ती वाळूत रुतवली. चौकशी झाली तेव्हा म्हणाले, "भरती-ओहोटीचं वेळापत्रक बाईंनी वाचलं होतं." बाई त्या दिवशी रजेवर होत्या. टाकीचा पंप बंद पडून मासे मेले, तर पंप विकत घ्या असं सुचवणारा कारकून दोषी. स्वतःच्या अंगावर आलेलं काहीही ते इतक्या सफाईनं दुसऱ्याच्या अंगावर टाकत की समोरच्याला आधी आपला सत्कारच होतोय असं वाटे.

मग बऱ्याच वर्षांनी एका ओहोटीला, त्याच धक्क्यामागे, बाईंच्या आरशात एक खेकडा दिसला. साधा, रोजचा, खडकातला. धक्क्यावर पोरं दोऱ्यानं पकडतात त्यातलाच. पण त्याच्या पोटाखाली पिवळसर, मऊ पिशवी लोंबत होती.

बाईंना हे बांडगूळ पुस्तकातून ठाऊक होतं. डोळ्यांना दिसणारही नाही असं त्याचं पिल्लू खेकड्याच्या अंगात शिरतं आणि आत मुळांसारखं पसरतं. मग मादी जिथे अंडी धरते बरोबर तिथेच त्याची पिशवी बाहेर येते. खेकडा नर असला तर त्याची मादी करून टाकतं. झडप रुंदावते, नांग्या बारीक होतात. तो खुळा त्या पिशवीला पोटची अंडी समजून वारा घालतो, साफ करतो, कुणी जवळ आलं तर अंगावर धावून जातो. वेळ भरली की पायांवर उभा राहून, अंग हलवून दुसऱ्याची पोरं पाण्यात सोडतो.

"दुसऱ्याचं ते आपलं म्हणून मिरवतोय," बाई खडकावर बसून हसल्या. "अरे, तू तर साहेब!"

त्याला घरी आणून त्यांनी काचेच्या टाकीत ठेवलं. लेख झकास होणार होता. काही आठवड्यांनी पिशवी गळून पडली आणि तिच्या जागी एक लहानसा गोल वण राहिला. बाईंनी खेकडा उताणा केला. झडप ना धड नराची ना धड मादीची. नांग्या किडकिडीत. ठिपके विटून वेगळेच झालेले. पुढचं वर्णन बघायला त्यांना पुस्तक उघडावं लागलं नाही. ते त्यांनीच लिहिलेलं होतं, तोंडपाठ होतं.

साहेबांचा खेकडा म्हणून जगात काही नव्हतंच. तो साधा खडकातला खेकडा होता, बांडगुळानं पछाडलेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी केंद्राच्या संग्रहातून तो जुना नमुना मागवला. ज्यावरून नवी जात ठरवली तोच खेकडा, स्पिरिटमध्ये बुडून फिकट झालेला. भिंग लावलं. झडपेखाली वण होता. पूर्वीही होता. तरुणपणी बाईंना तो चिमट्याचा ओरखडा वाटला होता आणि चित्रात त्यांनी तो काढलाच नव्हता.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. आधी वाटलं, सापडला! मेला आता साहेब! मग वाटलं, म्हणजे चूक आपली. आपण छापलं असतं तर आज आपली फजिती झाली असती. चोरानं चोरी करून आपल्याला वाचवलं. साहेबांनी आपल्यावर उपकार केले, हा विचार येताच त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. चोरी एक वेळ सोसवते, उपकार सोसवत नाहीत.

घरी सासूबाई लोकर गुंडाळत होत्या.

"छापून टाक," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "नाक कापलं जाईल त्याचं."

"आई, छापलं तर खेकडाच संपतो. जन्मभर म्हणत आले, माझा खेकडा चोरला. आता काय म्हणू? चोरला तो नव्हताच? लोक म्हणतील, मग रडत कशाला होतीस?"

सासूबाईंनी गुंडा मांडीवर ठेवला. घरातलं गुपित सांगावं तसा आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगते. ते शिलाई मशीन आहे ना, ते तिनं नेलं तेव्हा बंदच होतं."

"काय?"

"सुई खालीवर व्हायची नाही. भंगारात द्यायचं होतं. म्हणून काय चोरी झाली नाही? आणि वर तिनं ते दुरुस्त करून घेतलं! हा आणखी एक गुन्हा." सासूबाईंनी पुन्हा लोकर हाती घेतली. "तुला नक्की काय हवंय ते ठरव. त्याची अब्रू जायला हवी, की त्यानं तोंडानं म्हणायला हवं?"

"म्हणायला हवं," बाई ताबडतोब म्हणाल्या. "चार लोकांत. 'खेकडा बाईंचा.' बास."

"चांगल्या गोष्टीबद्दल तो असं कधी म्हणेल?"

"मेला तरी नाही."

"आणि वाईटाबद्दल?"

हळूहळू बाईंच्या तोंडावर जे हसू पसरलं ते बघून शेजारच्या खुर्चीतले यजमान पेपर घेऊन आतल्या खोलीत निघून गेले.

बाईंनी रीतसर शोधनिबंध लिहिला, नियतकालिकाकडे पाठवला, आणि तो स्वीकारल्याचं कळेपर्यंत एका अक्षरानंही वाच्यता केली नाही. सूड पाण्यातल्या कामासारखा असतो. घाई केली की गाळ उठतो आणि काही दिसेनासं होतं.

आणि मग शिकार आपल्या पायांनी चालत आली. साहेब आता निवृत्त होते, पण केंद्रानं त्यांचा खेकडा बोधचिन्ह म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. फाटकाजवळ पितळेचा भला थोरला खेकडा बसणार, सभा होणार, सभेत साहेबांचा गौरव. साहेबांनी स्वतः बाईंना फोन केला.

"बाई, खेकड्यावर चार शब्द तुम्हीच बोला. तुमची लेखणी गोड आहे."

"तुमचा शब्द मोडेन होय, सर?" बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी सासूबाईंना हात वर करून खूण केली आणि आनंदात सासूबाईंच्या सुईवरचा एक टाका सुटला.

मूर्तिकार संग्रहातल्या त्या जुन्या नमुन्यावरून साचा करत होता, आणि शंका विचारायला तो बाईंकडेच आला. पितळी खेकडा पुढचे पाय उचलून उभा राहणार होता, त्यामुळे पोट दिसणार होतं.

"ही गोल खूण कशाची, बाई? घासून काढू?"

"हात लावू नकोस. ती असलीच पाहिजे. ठसठशीत काढ."

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत साहेब, शेजारी नवे संचालक, दोन खुर्च्या सोडून कानाचं यंत्र लावलेल्या सासूबाई. मागे तिकाटण्यावर कॅमेरा लावून यजमान. टेबलावर बाईंची काचेची टाकी, वर कापड.

आधी साहेब बोलले. खेकडा त्यांना कसा दिसला, कसा पाऊस होता, कसा पाय घसरला, तरी नजर कशी हटली नाही. ते कधी खडकावर उतरले नव्हते. बूट खराब होतात म्हणत. "हा माझाच, पूर्णपणे माझाच शोध आहे," साहेब म्हणाले, "आणि आज तो मी केंद्राला अर्पण करतो." टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

मग बाई उठल्या. त्यांनी आधी बांडगुळाची गोष्ट सांगितली, अगदी रविवारच्या लेखासारखी. दुसऱ्याची अंडी आपली समजून वारा घालणारा नर ऐकून लोक हसून लोळले. साहेबही हसले. मग बाईंनी टाकीवरचं कापड काढलं. आत तीन खेकडे होते. एक निरोगी, एक पिशवी लोंबणारा, एक पिशवी गळालेला. मग पडद्यावर स्पिरिटमधल्या जुन्या नमुन्याचा फोटो आला, आणि त्याच्या झडपेखालचा वण.

"तेव्हा आपला गौरवाचा खेकडा," बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ही नवी जात नाही. हा आपल्या धक्क्यावरचा साधा खेकडा आहे. आजारी होता. ओळखण्यात चूक झाली. शोधनिबंध येतोच आहे."

नवे संचालक वळून साहेबांकडे बघायला लागले. बाईंनी टेबलाची कड धरली. आता, आता, आता. एवढ्या वर्षांचा सगळा हिशेब त्या एका क्षणावर टांगला होता. साहेब गप्प बसले तर? "शास्त्रात असं व्हायचंच" म्हणून हसून मोठेपणा दाखवला तर? मग त्यांना जन्मात कधी काही टोचणार नव्हतं आणि बाईंना हवं ते वाक्य जन्मात कधी ऐकू येणार नव्हतं.

साहेब उठले. घसा साफ केला. आणि त्यांचा स्वभाव त्यांच्या मदतीला धावून आला.

"एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे," ते म्हणाले. "या चुकीशी माझा काडीचा संबंध नाही. तो खेकडा मी आणलेला नव्हता. बाईंनी आणला. वर्णन बाईंनी लिहिलं, चित्रं बाईंनी काढली. अक्षर न् अक्षर बाईंचं होतं! मी विश्वासानं नुसती सही केली."

"मोठ्यानं म्हणा," सासूबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "माझं यंत्र जुनं आहे."

"सगळं बाईंचं होतं!" साहेब ओरडले.

मागून यजमानांनी अंगठा वर केला. रेकॉर्ड झालं होतं.

"आभारी आहे, सर," बाई म्हणाल्या. "हो, खेकडा माझाच होता. चूकही माझीच, ती मी निबंधात पहिल्याच परिच्छेदात लिहिली आहे. आताच आपण 'पूर्णपणे माझाच' म्हणालात तेही सगळ्यांनी ऐकलंय, ते मी वेगळं लिहीत नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी फुस्सकन हसलं. साहेब खाली बसायला लागले.

"एक राहिलंच, सर. चुकीचं ठरलेलं नाव आपल्याकडे खोडत नाहीत. खऱ्या नावाखाली ते कायम छापतात, आणि पुढे ज्यानं छापलं त्याचं नाव. यापुढे या साध्या खेकड्यावर जो कोणी पुस्तक लिहील त्याला खाली आपलं नाव द्यावंच लागेल, चूक म्हणून. मी खूप शोधलं, तिथे माझं नाव घालता येतं का ते. नाही येत हो." बाईंनी भिंग गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. "शास्त्रात जो छापतो त्याचं. जगाचा नियम आहे, माझा नाही."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. दोष टाकायला जवळपास कोणी उरलं नव्हतं. नवे संचालक तर खुर्ची दोन वीत लांब सरकवून बसले होते.

"बाहेर बाकडं आहे," बाई हळूच म्हणाल्या.

पडदा सारण्याचा कार्यक्रम झालाच नाही. लोक गेल्यावर बाई, यजमान आणि सासूबाई फाटकाशी आले. यजमानांनी कापड जरा उचललं. पितळी खेकडा पाय उचलून उभा होता, पोटावर ठसठशीत वण. सासूबाईंनी वाकून त्यावर बोट फिरवलं.

"हे झिजायचं नाही ना?"

"पितळ आहे, आई. आपल्यानंतरही राहील."

"छान." सासूबाईंनी सुनेच्या दंडाला धरून कंबर सरळ केली. चेहऱ्यावर आता एक वेगळंच तेज आलं होतं. "गाडी काढ रे," त्या लेकाला म्हणाल्या. "घरी नको. माझ्या जाऊबाईंकडे घे. आणि तो कॅमेरा बरोबर असू दे."